मूल झालं की बाईचं कामातलं लक्ष उडतं?

हा समज इतका मुरलाय की मुलाखतीत ‘घरी मुलाला कोण बघतं?’ हा प्रश्न बाईलाच येतो. बाप झालेल्याबद्दल मात्र ‘आता जबाबदारी आली, टिकून काम करेल’!

अमेरिकेत शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. दोन काल्पनिक अर्ज, शिक्षण-अनुभव तोडीस तोड. एकीच्या अर्जात पालक-शिक्षक संघाचा उल्लेख, म्हणजे ती आई. तेवढ्यावरून तिची कामावरची निष्ठा कमी ठरली, सुचवलेला पगारही घटला. बापांना हा फटका बसला नाही. थोडक्यात, काम बघायच्या आधीच गुण कापले.

खरी ओढाताण वेळेची आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. पाळणाघर सहाला बंद होतं म्हणून साडेपाचला ऑफिसातून निघणारी ‘कमी तळमळीची’ दिसते. जेवणं उरकून रात्री तिनं उघडलेला लॅपटॉप कुणी मोजत नाही.

बाकी, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं बंधनकारक केली आहे. तुमच्या ऑफिसात आहे का, एचआरला विचारा.