विषयवितरण पद्धती (अमेरिकन महाविद्यालये)

विषयवितरण पद्धती : चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात प्रमुख विषयाखेरीज इतर ज्ञानशाखांतीलही काही विषय विद्यार्थ्याने घेतलेच पाहिजेत, अशी अट घालणारी अमेरिकन महाविद्यालयांतील व्यवस्था. तिच्यामुळे जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोळशाने रेखाटन करावे लागते आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावावा लागतो. विषयांचे गट आणि श्रेयांकांची (क्रेडिट; विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारे एकक) संख्या संस्थेनुसार बदलते.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक टॉमस जेफरसन यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठापासून (अध्यापनारंभ १८२५) सुरुवात करतात. तेथे आठ स्वतंत्र विभाग होते व विद्यार्थी हवा तो विभाग निवडू शकत. याच सुमारास जर्मनीत गॉटिंगेन येथे शिकून आलेले जॉर्ज टिकनॉर हार्व्हर्डमध्ये अभ्यासक्रम सैल करण्याच्या खटपटीत होते. उलट येल महाविद्यालयाच्या १८२८ च्या अहवालाने ग्रीक, लॅटिन व गणित यांच्या सक्तीची बाजू ठामपणे मांडली आणि पुढे काही दशके तिचाच वरचष्मा राहिला. ब्राउन विद्यापीठाचे फ्रान्सिस वेलँड यांचा १८५० चा अहवालही पूर्वसुरी म्हणून दाखवला जातो. मात्र हे सारे निवडीच्या मुभेचे पुरावे आहेत. निवड निरनिराळ्या शाखांत विभागली जावी, हे बंधन त्यांत दिसत नाही.

मुभेची परिसीमा हार्व्हर्डमध्ये झाली. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षपदाच्या काळात (१८६९–१९०९) सक्तीचे विषय वरच्या वर्गांकडून खाली असे टप्प्याटप्प्याने उठवले गेले. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनापलीकडे फारसे काही सक्तीचे उरले नव्हते. परिणामी अनेक विद्यार्थी केवळ प्राथमिक पातळीचे सुटे विषय गोळा करून पदवी घेत. एलियट यांचे उत्तराधिकारी ॲबट लॉवेल यांनी १९१० च्या सुमारास ‘केंद्रीकरण व वितरण’ हा नियम आणला : पदवीच्या सोळा विषयांपैकी किमान सहा एका शाखेत, तर आणखी सहा इतर शाखांत वाटून. प्रमुख विषयाची कल्पना त्याआधी, १८८० नंतरच्या दशकात, इंडियाना विद्यापीठात डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी रुजवली होती आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये विषयांचे ठराविक गट होते. म्हणून लॉवेल यांना जनक म्हणणे काहींना मान्य नाही. तरीही दोन्ही अंगे एकाच नियमात बांधली गेली ती हार्व्हर्डमध्ये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सर्वांनी समान ग्रंथ वाचावेत हा कोलंबियाचा मार्ग (१९१९ पासून) वेगळा आहे. ब्राउनने १९६९ मध्ये वितरणाची अट काढून टाकली.

ही अट सर्व विषयांना सारखी लागू पडत नाही. खगोलशास्त्र हा सर्वांत उघडा दरवाजा. बहुतेक ठिकाणी शालेय बीजगणितावर प्रवेश मिळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दरवर्षी सुमारे अडीच लाख विद्यार्थी प्रास्ताविक खगोलशास्त्र घेत असावेत, असा अंदाज आहे. त्यांपैकी पुष्कळांचा हा आयुष्यातला शेवटचा विज्ञानविषय असतो, म्हणून तो कसा शिकवला जातो याला फार महत्त्व आहे. विल्यम्स महाविद्यालयाची वेधशाळा १८३६–३८ मध्ये उभी राहिली. व्हासार या तेव्हाच्या महिला महाविद्यालयात धूमकेतूच्या शोधामुळे (१८४७) ख्याती पावलेल्या मरिया मिचेल १८६५ पासून शिकवत. सुमारे बारा इंची अपवर्तक दुर्बिणीवर विद्यार्थिनी स्वतः वेध घेत. १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्या आपल्या विद्यार्थिनींना आयोवातील बर्लिंग्टनला घेऊन गेल्या. निरीक्षण आपल्या हाताने नोंदवावे हा त्यांचा आग्रह आजच्या प्रयोगवर्गांनाही दिशा देणारा आहे : गुरूच्या चंद्रांची जागा ओळीने काही रात्री टिपायची आणि त्या नोंदींवरून प्रदक्षिणेचा काळ काढायचा.

चित्रशिल्पाच्या प्रत्यक्ष कार्यशाळेला (स्टुडिओ आर्ट) पदवीचे श्रेयांक द्यावेत का, हा वाद जुना आहे. येलमध्ये १८६९ पासून कलाशाळा होती, पण स्वतंत्र. हार्व्हर्डमध्ये चार्ल्स एलियट नॉर्टन १८७० नंतरच्या दशकात कलेचा इतिहास व्याख्यानांतून शिकवत. हातकामाला प्रशस्त जागा मिळाली ती ल कॉर्ब्यूझिए यांनी आराखडा केलेल्या कार्पेंटर केंद्रात (१९६३). कार्यशाळेचा एक वर्ग सहसा अडीच-तीन तास चालतो. सत्राअखेर, आणि मधूनही, कामे भिंतीवर टाचली जातात व सहाध्यायी त्यांवर बोलतात. याला ‘क्रिट’ म्हणतात. शाखेबाहेरच्या विद्यार्थ्याला हा अनुभव बहुधा सर्वांत अवघड जातो, कारण परीक्षेतील गुणांआड लपता येत नाही. जागा मोजक्या असल्याने कलेच्या विद्यार्थ्यांना अग्रक्रम मिळतो. कागद, रंग यांचा खर्च बहुधा विद्यार्थ्याच्याच माथी पडतो.

जीवरसायनशास्त्र नेमके उलट टोक. येलच्या शेफील्ड वैज्ञानिक शाळेत १८७४ मध्ये शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राचा (जीवरसायनशास्त्राचे तेव्हाचे नाव) वर्ग सुरू झाला व तो रसेल चिटेंडन यांनी विद्यार्थीदशेतच सांभाळला. अमेरिकेतील या विषयाच्या अध्यापनाचा तो आरंभ मानतात. आज सामान्य व कार्बनी रसायनशास्त्राची दोन वर्षे झाल्यावरच तो घेता येतो. त्यामुळे वितरणासाठी तो सहसा कोणी निवडत नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत (एमकॅट) २०१५ पासून त्याचा भार वाढल्यावर वर्ग भरले, पण ते वैद्यकेच्छू विद्यार्थ्यांनी. जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी इतर शाखांत जातात, पण इतर शाखांतले इकडे येत नाहीत; वितरणाची देवाणघेवाण अशी एकतर्फी होते, ही या पद्धतीतील खरी उणीव होय.

भारतात १८५७ ची विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर निघाल्याने कला व विज्ञान यांच्या पदव्या पुढे वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या आणि चित्रकला बाहेरच राहिली. मुंबईची ज. जी. कलाशाळा त्याच वर्षीची. मुंबई विद्यापीठाची पदवी तिला १९८१ मध्ये जोडली गेली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा १९५० पासून आहे. तेथे चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी अध्यापन केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात आखलेल्या रचनेत खुल्या निवडक विषयांचे श्रेयांक आपल्या विद्याशाखेबाहेरून मिळवायचे असतात; कोणते विषय मिळतील, हे त्या त्या महाविद्यालयातील शिक्षक व प्रयोगशाळा यांवर ठरते.