टेलचं पाणी आणि मेंदूतले पांढरे डाग

सत्तरीतल्या माणसाचा एमआरआय जळगावात काढा नाहीतर धुळ्यात, रिपोर्टात ‘वयोमानानुसार व्हाइट मॅटरमधले बदल’ अशा अर्थाची ओळ बहुतेक वेळा असतेच. काही घरं ती वाचून घाबरतात, काही ठिकाणी कागद सरळ कपाटात जातो. हे बदल म्हणजे चित्रात दिसणारे पांढरे डाग. ते किती आहेत, हे मात्र त्या ओळीत नसतं आणि विचारायचं असतं ते तेच.

मेंदूचा आतला पांढरा भाग म्हणजे तारांचे जुडगे. तारांवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, पांढरा रंग त्याचा. तिथे रक्त पोचवणाऱ्या धमन्या लांब आणि फार बारीक, एकमेकींशी त्यांची जोडणी जेमतेम. केळीला ठिबक टाकलेल्याला हे लगेच कळेल. लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, लांब गेली, तिच्यात क्षार साचला, की टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, झाडं आधी पिवळी पडतात. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा भाग असाच टेलचा. वर्षानुवर्षं बीपी चढा राहिला की या धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, झिरपूही लागतात.

यातून पांढऱ्या भागाला झालेली इजा सगळ्यात स्पष्ट दिसते एमआरआयच्या ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रांत. त्यात पोकळ्यांतलं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं. फिल्म खिडकीशी धरली तर मधोमध फुलपाखरासारखी काळी पोकळी दिसते. तिच्या टोकांवर पांढऱ्या टोप्या, कडेने पांढरी रेघ आणि आत खोलवर कापसाचे बारीक पुंजके असावेत तसे ठिपके. सिटी स्कॅनमध्ये हे पुष्कळदा सुटतं, म्हणून ‘सिटी नॉर्मल’वर निश्चिंत होऊ नये.

मोजायला १९८७ची फझेकस श्रेणी आहे, ० ते ३. सुटे ठिपके म्हणजे १, एकमेकांना मिळू लागले की २, मोठे सलग पट्टे झाले की ३. साठीनंतर १ अगदी सर्रास आढळते. २ किंवा ३ असेल तर मात्र चाल बघा: पावलं लहान पडतात का, वळताना अडखळतं का, लघवीची घाई होते का, हिशेबाला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का. याला नुसतं म्हातारपण म्हणणं मला पटत नाही. अशा माणसांत लकवा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका खरोखर वाढलेला असतो.

घोळ होतो तो इथे: प्रत्येक ठिपका याच जातीचा नसतो. एमआरआयच्याच ‘डिफ्यूजन’ प्रकारच्या चित्रात चमकणारा आणि त्याच्या जोडीच्या एडीसी नकाशावर काळा दिसणारा ठिपका म्हणजे लकव्याचा ताजा झटका, त्याला थांबायला वेळ नाही. ३ ते १५ मिलिमीटरची, पाणी भरलेली पोकळी हा जुन्या झटक्याचा व्रण. सूक्ष्म रक्तस्राव फ्लेअरमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी एसडब्ल्यूआय हा एमआरआयचा वेगळा प्रकार लागतो. म्हणूनच डाग दिसले की रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नये. बी१२ची कमतरताही पांढऱ्या भागाला इजा करते, ती तपासून घ्यावी. आणि जुनी सीडी जपून ठेवा. मशीन किंवा चित्रांच्या चकत्यांची जाडी बदलली तर डाग वाढल्यासारखे भासतात.

बीपी आवरला तर वाढ मंदावते. अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासात (२०१९) वरचा बीपी १२०च्या खाली ठेवलेल्यांत सुमारे ४ वर्षांत डाग ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, १४०च्या खाली ठेवलेल्यांत १.४५ने. त्यात मधुमेही नव्हते, तेव्हा आपला आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

खान्देशात उन्हाळ्याचं वेगळं बघावं लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, घामाने पाणी उतरतं, गोळ्या मात्र हिवाळ्यातल्याच चालू असतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ५ मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर गोळी आपल्या मनाने बंद न करता आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, कारण दाब फार पडला तरी पहिली तहान टेललाच लागते.