१८२ नंबरवरून पहिल्या नंबरवर: 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'ची पार्श्वभूमी

गन्स एन रोझेस ह्या अमेरिकन रॉक बँडचं नाव काढलं की लोक म्हणतात, पहिलाच अल्बम आणि डायरेक्ट सुपरहिट. तसं झालेलं नाहीये. 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' २१ जुलै १९८७ ला आला आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या, यादीत शिरला तो १८२ नंबरला, तिथून वर पोचायला वर्ष गेलं, आणि मला तर ह्या अल्बमची खरी गोष्ट त्या मधल्या वर्षातच दिसते.

थोडं मागून सांगतो. गायक अ‍ॅक्सल रोझ आणि गिटारिस्ट इझी स्ट्रॅडलिन दोघंही इंडियानातल्या लाफायेटचे, शाळेपासूनचे दोस्त, एकामागून एक लॉस एंजेलिसला आले. १९८५ मध्ये त्यांचा हॉलीवूड रोझ आणि ट्रेसी गन्सचा एल. ए. गन्स हे बँड एकत्र आले, त्यातून हे नाव. ट्रेसी लवकरच बाहेर पडला, मग गिटारवर स्लॅश, ड्रम्सवर त्याचा लहानपणचा मित्र स्टीव्हन अ‍ॅडलर, आणि बेसवर सिएटलच्या पंक बँडमधून आलेला डफ मकेगन. हे पाच जण जमले न जमले तोच सिएटलला शो करायला निघाले, वाटेत बेकर्सफील्डजवळ गाडी बंद पडली तर गिटारी उचलून लिफ्ट मागत पुढे गेले.

मार्च १९८६ मध्ये गेफन रेकॉर्ड्स ह्या रेकॉर्ड कंपनीच्या टॉम झुटॉटने बँडला साइन केलं. प्रोड्यूसर म्हणून 'किस' बँडचा पॉल स्टॅनलीही बघून झाला, पण तो ड्रम्स बदलायला सांगायला लागला, तिथेच विषय संपला. शेवटी माइक क्लिंक आला. स्लॅशकडे तेव्हा धड गिटार नव्हती, मॅनेजर अ‍ॅलन निव्हनने क्रिस डेरिगने हाताने बनवलेली लेस पॉल ह्या नावाजलेल्या गिटारची कॉपी आणून दिली आणि मार्शल अ‍ॅम्पला लावलेली तीच गिटार अख्ख्या अल्बमभर वाजते. त्या काळात सनसेट स्ट्रिपवरच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या क्लबांच्या रस्त्यावरच्या, बँड्सचा साउंड एकदम चकचकीत असायचा, ह्यांचा मात्र रस्त्यावरच्या धुळीसकट उचलून आणल्यासारखा वाटतो.

मग आला अल्बम, आणि पहिलं भांडण कव्हरवरून. रॉबर्ट विल्यम्सचं बलात्काराचं दृश्य सुचवणारं चित्र होतं, अल्बमचं नावही त्या चित्राचंच. दुकानं ठेवायला तयार होईनात, म्हणून चित्र आत गेलं आणि बाहेर क्रॉसवर पाच कवट्या आल्या, प्रत्येक मेंबरची एक. माझ्या मते बदललं ते बरंच झालं.

एमटीव्ही अल्बममधल्या 'वेलकम टू द जंगल' गाण्याचा व्हिडिओ लावायला तयार नव्हतं. विक्री दोनेक लाखांवर अडकली, कंपनी पुढच्या अल्बमकडे वळा म्हणायला लागली, पण झुटॉट हटला नाही, त्याने थेट कंपनीचा संस्थापक डेव्हिड गेफनलाच एमटीव्हीला फोन करायला लावला. व्हिडिओ लागला तो रविवारी भल्या पहाटे, जागं कोण असणार, तरी फर्माइशींचे एवढे फोन आले की चॅनेलला तो रोटेशनमध्ये, म्हणजे नेहमी लागणाऱ्या व्हिडिओंमध्ये, घ्यावाच लागला. त्या व्हिडिओत अ‍ॅक्सल तोंडात गवताची काडी धरून बसमधून उतरतो, गावाकडचा पोरगा पहिल्यांदा शहरात आलाय, आणि पुढच्या क्षणी तोच स्टेजवर किंचाळतोय. तेवढ्या दोन शॉटमध्ये सगळं कळतं.

ह्या वर्षभरात बँड दुसऱ्यांच्या आधी वाजवत फिरत होता, द कल्ट, मॉटली क्रू, अ‍ॅलिस कूपर, आयर्न मेडन, एरोस्मिथ. आणि मग 'स्वीट चाइल्ड ओ माइन'. ती सुरुवातीची धून स्लॅश बोटांच्या सरावासारखी सहज वाजवत होता, इझीने खाली कॉर्ड्स लावल्या, वरच्या मजल्यावर अ‍ॅक्सलने ऐकलं आणि तेव्हाची गर्लफ्रेंड एरिन एव्हर्लीवर शब्द लिहायला घेतले. ऑगस्ट १९८८ मध्ये अल्बम एक नंबरवर, सप्टेंबरमध्ये हे गाणंही.

पण त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडला डोनिंग्टनच्या फेस्टिव्हलमध्ये ह्यांचा सेट चालू असताना गर्दीत चिरडून दोन तरुण फॅन्स गेले. यशाची गोष्ट सांगताना हे गाळू नये.

पुढे १९९० मध्ये अ‍ॅडलरला काढलं, १९९१ मध्ये इझी स्वतःच निघून गेला. मे २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर बँड आला तेव्हा त्या पाचातले अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ होते. अमेरिकेत मात्र आजही सगळ्यात जास्त खपलेल्या पदार्पणाच्या अल्बमपैकी हा एक आहे, १ कोटी ८० लाख प्रतींचं सर्टिफिकेट, आणि तो वाजवला त्याच पाच जणांनी.