लेन्सवरची धूळ आणि सेन्सरवरची धूळ

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला आभाळाचा फोटो पाठवतं. निळ्याभोर आभाळात तीन-चार राखाडी ठिपके, आणि खाली प्रश्न: "लेन्स गेली का हो माझी?" त्यावर ग्रुपमधल्या चौघांचं ठरलेलं उत्तर येतं, "लेन्स नीट पुस." तो बिचारा पुसतो. ठिपके तिथेच. मग जोर लावून पुसतो, शर्टाच्या टोकानं पुसतो, आणि धड असलेल्या काचेवर ओरखडे पाडून ठेवतो.

उलटा प्रकारही तितकाच चालतो. जुनी लेन्स घ्यायला गेलेला माणूस तिच्यात मोबाइलचा टॉर्च मारतो, आत धुळीचे चार कण चमकताना दिसतात, आणि तो चांगला सौदा सोडून घरी येतो.

लेन्स कशी पुसायची हे तुम्हाला माहीत आहे: आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, बोटांचे ठसे असतील तर स्वच्छ मायक्रोफायबर. त्यावर मी जागा घालवत नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जी धूळ डोळ्यांना दिसते ती सहसा फोटोत दिसत नाही, आणि जी फोटोत दिसते ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा आकडेमोड करू.

५० मिलिमीटरची लेन्स घ्या. एफ २ ला तिचं भोक साधारण २५ मिलिमीटरचं असतं (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक). फोटोतल्या प्रत्येक बिंदूपर्यंत पोहोचणारा प्रकाश या संपूर्ण भोकातून येतो. आता पुढच्या काचेवर ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा कण बसलाय. तो त्या प्रकाशाचा अडीच लाखांवा भाग अडवतो. एफ १६ ला भोक जेमतेम ३ मिलिमीटरचं उरतं, तरीही तो कण साधारण चार हजारावा भागच अडवेल. हे कुणालाच दिसणार नाही. शिवाय लेन्सची काच फोकसपासून इतकी लांब असते की कणाचा आकार फोटोत उमटतच नाही. पुढची काच धुळीनं पार माखली तर फोटो फिका पडतो, समोर सूर्य असेल तर धुरकटतो, पण ठिपका पडत नाही. (फार रुंद कोनाची लेन्स, भोक अगदी बारीक केलेलं आणि काचेवर मोठा डाग, असं सगळं जुळून आलं तर अस्पष्ट सावली दिसू शकते. ती गोष्ट वेगळी.)

आता तोच कण सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या चिपवर ठेवा. खरं तर सेन्सरवर धूळ बसतच नाही. ती बसते सेन्सरच्या पुढे लावलेल्या फिल्टरच्या काचेवर. समजा ती काच पिक्सेलपासून १ मिलिमीटर पुढे आहे. एफ २ ला एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी अर्धा मिलिमीटर रुंद असतो. आपला कण त्यातला शंभरावा भाग अडवतो. फोटोत काही कळत नाही. एफ १६ ला मात्र तोच शंकू ०.०६ मिलिमीटरवर येतो आणि कण जवळजवळ दोन तृतीयांश प्रकाश खातो. झाला काळा ठिपका. ट्यूबलाइटखाली हात धरला तर सावली पसरट पडते, आणि लांबच्या बारीक दिव्यासमोर धरला तर कडक. हे तसंच आहे.

म्हणूनच "माझ्या पोर्ट्रेटमध्ये नाहीत, फक्त निसर्गचित्रांतच ठिपके येतात, तेव्हा लेन्सचाच दोष" हा युक्तिवाद उलटा आहे. पोर्ट्रेट एफ २ ला काढता, डोंगर एफ १६ ला. धूळ दोन्ही वेळा तिथेच होती.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्सचं भोक) एफ १६ किंवा एफ २२, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा, आणि मोकळ्या आभाळाचा किंवा संगणकाच्या पांढऱ्या पडद्याचा फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवा, म्हणजे समोरचे डाग पुसट होतील. मग लेन्स बदलून पुन्हा तेच. दोन्ही फोटोंत ठिपके त्याच जागी असतील तर ते सेन्सरवरचे. जागेचंही एक लक्षात ठेवा: सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. कॅमेरा तुमच्याकडे तोंड करून सरळ धरला, तर फोटोत वर-डावीकडे दिसणारा कण तुम्हाला खाली-डावीकडे शोधायचा आहे. हे माहीत नसल्यानं लोक भलताच कोपरा साफ करत बसतात.

डीएसएलआरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो त्यांच्यासाठी, तिसरी धूळही आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) दिसणारी. ती फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे आरशाच्या वरच्या दुधी पडद्यावर असते आणि फोटोत कधीच येत नाही. तिच्यापायी आतला आरसा पुसायला जाऊ नका. त्याचा लेप काचेच्या पुढच्या बाजूला असतो, तो सहज खरवडला जातो.

आता साफसफाई. इथे मी हट्टी आहे: आधी फुंकणी, आणि दहापैकी बहुतेक वेळा फुंकणीवरच थांबायचं. रबरी, हातानं दाबायची, मोठ्या पोटाची. बॅटरी पूर्ण भरा, मेनूतून क्लीनिंग मोड लावा (त्यात शटर उघडं राहतं आणि सेन्सर समोर येतो), कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. फुंकणीचं टोक माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, आत घालू नका. क्लीनिंग मोड सोडून बल्बवर (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं त्या सेटिंगवर) शटर उघडं ठेवणारे महाभाग भेटतात. बोट सुटलं की शटर मिटतं, आणि आत काही असेल तर शटरची पाती गेली. काही मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकतात. तिथे आधी क्लीनिंग मोडनं शटर उघडा, नाहीतर फुंकर सेन्सरऐवजी पात्यांवर बसेल, आणि ती सेन्सरच्या काचेपेक्षा नाजूक असतात.

दोन गोष्टी मात्र कधीच नाहीत. एक, डब्यातली दाबलेली हवा. डबा जरा तिरका झाला की आतला द्रव गार फवारा होऊन काचेवर बसतो, आणि मग धुळीऐवजी डाग काढत बसा. दुसरी, तोंडानं फुंकर. हे मी स्वतः केलंय. जेजुरीला, पायऱ्यांवर, भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलली. हळद आत गेली असणार या धसक्यानं तिथेच जोरात फुंकर मारली. घरी येऊन बघतो तर हळदीचे कण दोनच, आणि थुंकीचे थेंब सात. कण फुंकणीनं गेले. थेंबांसाठी स्वॉब, म्हणजे टोकाला मऊ कापड असलेली चपटी काडी, लागला.

कारण सुटी धूळ आणि चिकटलेला डाग या दोन वेगळ्या गोष्टी. कॅमेऱ्यातलं स्वयंचलित हादरणं (ऑलिंपसच्या ई-१ मध्ये ते २००३ लाच होतं) सुटी धूळ झाडतं, चिकटलेल्याला ढिम्म हलवत नाही. थुंकी, वाळलेला थेंब, शटरमधून उडालेलं तेल, याला ओला स्वॉबच हवा. निकॉनच्या २०१२ च्या डी६०० मध्ये सेन्सरवर डाग साचण्याची तक्रार एवढी झाली की कंपनीनं २०१४ मध्ये शटर मोफत बदलून देण्याची सोय केली. असे डाग फुंकून जात नसतात.

स्वॉब सेन्सरच्या आखूड बाजूएवढा घ्या: फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) २४ मिलिमीटर, एपीएस-सीला (त्याहून लहान) १६. सेन्सरचंच द्रावण, दोन थेंब, जास्त नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच हलक्या हातानं ओढा, स्वॉब उलटा करून दुसऱ्या बाजूनं परत या, आणि टाकून द्या. "अजून कोरा दिसतोय" म्हणून तो तिसऱ्यांदा फिरवणं म्हणजे उचललेला कण काचेवर घासणं. आणि स्वॉबच्या आधी फुंकणी झालेलीच हवी, नाहीतर सुटा कण ओल्या कापडाखाली सापडतो. स्टॅबिलायझरवाला (हाताची थरथर सावरण्यासाठी स्वतः हलणारा) सेन्सर हाताखाली हलतो. तिथे दाब आणखी कमी.

चष्म्याचं कापड, कापूस, लेन्सचं द्रावण, काच पुसायचा स्प्रे: यातलं काहीही सेन्सरजवळ नको. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी "माझं तर चाललं" म्हणतो. हात थरथरत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या, पण देताना एफ १६ चा फोटो सोबत न्या आणि घेताना तिथेच दुसरा काढून बघा. एका दुकानातून माझा कॅमेरा "साफ करून" आला, तेव्हा ठिपके गेले होते आणि पुसल्याचे पट्टे आले होते.

आणि प्रत्येक ठिपक्यामागे लागायचं कारण नाही. माझ्या कॅमेऱ्यात आत्ताही उजव्या कोपऱ्यात एक आहे. एफ ११ पर्यंत तो दिसत नाही, पुढे दिसला तर संगणकावर एका क्लिकमध्ये जातो. पावसाळाभर तरी मी त्याला हात लावणार नाही.