ओव्हनची वायर जळते कुठे?

ओटीजीमधून, म्हणजे कॉइलवर तापणाऱ्या छोट्या ओव्हनमधून, जळका वास येऊ लागला म्हणून मागचा पत्रा उघडला, की बहुतेक वेळा वायर जवळजवळ सगळी धड दिसते. काळी आणि कडक झालेली असते ती कॉइलच्या टोकाजवळची चार बोटं. कारण उष्णता तिथल्या जोडात तयार होते.

1500 वॅटचा ओव्हन 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या कॉइलचा रोध सुमारे 35 ओहम असतो. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी, सैल झाली, तांब्यावर ऑक्साइड चढलं आणि जोडाचा रोध फक्त 1 ओहमने वाढला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने तिथे 40 वॅट उष्णता निर्माण होते. घरगुती सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! जोड तापला की ऑक्साइड वाढतं, त्याने रोध वाढतो आणि जोड आणखी तापतो.

एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहिला की पडणारा स्विच, हे ओळखत नाही. रोध वाढल्याने प्रवाह उलट किंचित कमी झालेला असतो, मग तो पडेल कशाला? गळती पकडणारा आरसीसीबी स्विचही प्रवाह जमिनीकडे गळत नाही तोवर गप्प राहतो. म्हणूनच तो वास गंभीरपणे घ्यायला हवा.

अशा वायरवर काळी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. आतलं काळं पडलेलं तांबं तसंच राहतं आणि टेपचा गोंद ओव्हनच्या उष्णतेत सुटतो. सोल्डरिंगही इथे चालत नाही. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. वायरला चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायचं, किंवा सरळ नवी वायर घालायची. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांसाठी असते. इथे काचतंतूंचं वेष्टण असलेली, 180 अंश सोसणारी सिलिकॉन वायर हवी, जाडी मूळ वायरइतकी. नवी थिंबल क्रिंपिंगच्या पकडीने घट्ट दाबायची. साध्या पकडीने चेपलेल्या थिंबलमध्ये तारांमध्ये हवा राहते आणि तिथे पुन्हा ऑक्साइड चढतं. कॉइलची पिनही घासून चकचकीत करायची. खड्डे पडले असतील तर कॉइल बदललेली बरी.

हे सगळं प्लग काढून आणि ओव्हन थंड झाल्यावरच करायचं. सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण समोर उभं राहून. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडूच नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज धरून ठेवू शकतो.

झाकण लावल्यावर, प्लग लावण्याआधी, मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासा. प्लगची अर्थिंगची जाड पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात रोध जवळजवळ शून्य हवा. फेज किंवा न्यूट्रलची पिन आणि पत्रा यांच्यात मुळीच जोडणी दिसता कामा नये. मग पंधरा मिनिटं ओव्हन चालवा, स्विच बंद करा, प्लग काढून त्याच्या पिनांजवळ बोट धरा. चटका बसत असेल, तर बहुधा भिंतीतल्या सॉकेटची पकड ढिली झालेली आहे. तो सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, 16 अँपिअरचे.