शॉर्ट सर्किटच्या आधी

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 8 जानेवारीची रात्र सरून 9 जानेवारी 2021 उजाडण्याआधी नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटले. प्रत्येक वेळी बातम्यांत तेच दोन शब्द होते : शॉर्ट सर्किट. कोणत्या आगीत नेमकं काय घडलं ते चौकशीनं ठरवायचं, त्यावर मी काही म्हणत नाही. पण हे दोन शब्द वाचून आपण पान उलटतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. शॉर्ट सर्किट हे बहुतेकदा गोष्टीचं शेवटचं पान असतं. गोष्ट कित्येक महिने आधी सुरू झालेली असते.

वीज आणणारी तार (फेज) आणि परत नेणारी तार (न्यूट्रल) एकमेकांना थेट भिडल्या की शॉर्ट सर्किट होतं. प्रवाह एकदम शेकडो-हजारो अँपिअरवर जातो. आपल्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, नेमका यासाठीच बनवलेला आहे. त्यातली चुंबकीय यंत्रणा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास वीज तोडते. म्हणजे ज्याच्यावर आपण खापर फोडतो, त्याचा बंदोबस्त आपल्याकडे आहे. बंदोबस्त नाही तो तारांच्या सैल जोडाचा.

काही वर्षांपूर्वी एका लहान खासगी रुग्णालयात वायरिंग तपासायला गेलो होतो. कागदपत्रं ठीक, एमसीबी चांगल्या कंपनीचे. निघताना वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, त्या कोपऱ्यातल्या एसीच्या बोर्डापाशी सुक्या बोंबलाचा वास येतो. सिस्टरांना सांगितलं, त्या म्हणाल्या कुणाचा तरी डबा असेल." मी बोर्डाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. प्लग काढला तर एक पिन निळसर-काळी पडलेली, सॉकेटचं त्या बाजूचं भोक वितळून लांबट झालेलं. तापलेल्या काही प्लास्टिकांतून नायट्रोजनयुक्त वायू निघतात, त्यांचा वास मासळीसारखाच असतो. मावशींचं नाक बरोबर होतं. एमसीबी मात्र गेले कित्येक दिवस निवांत चालू होता.

तो एमसीबी का पडला नाही, हेच खरं समजून घ्यायचं आहे. दोन धातूंचे गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांसारखे असतात. ते एकमेकांवर दाबले तरी फक्त काही शिखरं एकमेकांना टेकतात आणि सगळा प्रवाह त्या मोजक्या टोकांतून जातो. स्क्रू घट्ट असेल तर शिखरं चेपून टेकण्याची जागा वाढते. स्क्रू सैल झाला की ती घटते आणि तिथला रोध वाढतो.

आता शाळेतलं सूत्र आठवा : दर सेकंदाची उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. समजा बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या सर्किटमधून 20 अँपिअर प्रवाह जातो आहे आणि एका जोडाचा रोध 0.2 ओहम झाला आहे. 20 चा वर्ग 400, गुणिले 0.2, म्हणजे 80 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची साधी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते. तशा तीन इस्त्र्या हरभऱ्याएवढ्या पितळी टर्मिनलमध्ये रात्रंदिवस चालू आहेत असं समजा. आणि एमसीबीला काय दिसतं? 230 व्होल्टवर 20 अँपिअर म्हणजे सर्किटचा मूळ रोध 11.5 ओहम. त्यात 0.2 मिळवले की 11.7. प्रवाह 20 वरून 19.7 वर येतो. जोड जळतो आहे आणि प्रवाह कमी झाला आहे! 32 अँपिअरचा एमसीबी कशासाठी पडेल? विजेची गळती ओळखणारा स्विच, आरसीसीबी, तोही गप्प राहतो, कारण गेलेली वीज तेवढीच परत येते, गळती कुठेच नाही.

यापुढे दुष्टचक्र सुरू होतं. तापल्यानं धातूवर ऑक्साईडचा थर चढतो, त्यानं रोध वाढतो, रोधानं ताप वाढतो. अॅल्युमिनियमच्या केबलची तऱ्हा तर आणखी वाईट. तिचं ऑक्साईड हवा लागताक्षणी तयार होतं आणि ते वीज वाहून नेत नाही. शिवाय अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पोलादी बोल्टखाली ते दिवसा फुगतं, रात्री आकसतं, आणि सततच्या दाबाखाली मऊ लोण्यासारखं हळूहळू बाजूला सरकतं. पहिल्या दिवशी घट्ट आवळलेला बोल्ट कुणीही हात न लावता सैल होतो. साधं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंत टिकेल अशा हिशेबानं केलेलं असतं. ते कडक होतं, तडकतं, आणि मग एके दिवशी फेज-न्यूट्रल भेटतात. बातमीतलं शॉर्ट सर्किट ते हे.

घरातही हे होतं, मग रुग्णालयाची वेगळी काळजी कशाला? घरचा एसी विश्रांती घेतो, अतिदक्षता विभागातला वर्षानुवर्षं चालूच राहतो. खाट वाढली की यंत्रं वाढतात, केबल तीच राहते. त्यात ऑक्सिजन. नाकातून जोरानं ऑक्सिजन देणारं एक यंत्र मिनिटाला 60 लिटरपर्यंत सोडतं, त्यातला पुष्कळसा खोलीतच पसरतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण 21 टक्क्यांवरून त्याचं प्रमाण थोडं जरी चढलं तरी चादर, केस, नळ्या कितीतरी झपाट्यानं पेटतात.

महाराष्ट्रात अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ते हवंच. पण त्यात पंप, नळ, सिलिंडर पाहिले जातात. पॅनेलमधला प्रत्येक स्क्रू कुणी आवळून पाहत नाही. पॅनेल उघडलं जातं ते दसऱ्याला. हळद-कुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती. श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण बसबारजवळ, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांजवळ, उदबत्तीची राख आणि माळेचे वाळके दोरे मी स्वतःच्या हातानं काढले आहेत. आग लागल्यावर वास्तुशांती करून घेणारेही पाहिले. अॅल्युमिनियमला मुहूर्त कळत नाही. पूजा दाराबाहेर करावी आणि आत पाना फिरवावा, तोही नेमून दिलेल्या जोरानं, टॉर्क पान्यानं. वाजवीपेक्षा जास्त आवळलं तर तारेचे पदरच तुटतात.

खरी अडचण शटडाउनची आहे. व्हेंटिलेटरवर माणसं असताना वॉर्डाची वीज बंद कशी करणार? यासाठीच मला थर्मल कॅमेरा फार आवडतो. वीज चालू असताना, भार असताना, लांबूनच तो तापलेला जोड दाखवतो. भार नसेल तर काहीच दिसत नाही, म्हणून दुपारी, सगळे एसी चालू असताना फोटो घ्यावा. चकचकीत तांब्याच्या पट्टीवर कॅमेरा फसतो, ती आरशासारखी आपल्याच अंगाची उष्णता परतवते. म्हणून शटडाउन मिळेल तेव्हा तिच्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवायचा. मग मुख्य पुरवठ्याच्या तिन्ही फेजचे जोड शेजारी शेजारी ठेवून बघायचे. भार सारखा आणि एकच बोल्ट गरम, तर दोष तिथे.

मावशींच्या त्या रुग्णालयात नंतर मुख्य पॅनेलचा असा फोटो काढला. दोन बोल्ट 46 अंशांवर, तिसरा 94. रविवारी रुग्ण दुसऱ्या मजल्यावर हलवून अर्ध्या तासाचा शटडाउन मिळाला. केबलच्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारा धातूचा तुकडा) कापून काढला, केबल घासून ऑक्साईड रोखणारी पेस्ट लावली, नवा बायमेटॅलिक, म्हणजे अॅल्युमिनियम आणि तांबं जोडलेला, लग दाबून बसवला. सोमवारी दुपारी त्याच भारावर तिसरा बोल्ट 47 होता.