फाटलेला सिग्नल कुणाचा?

परवा सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आम्हा हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या, रोजच्या गप्पा चालू असताना एका नवख्या हॅमला सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं. "ओएम, तुमचा सिग्नल दहा किलोहर्ट्झ पसरलाय. सुधारा, नाहीतर डब्ल्यूपीसीला कळवावं लागेल." (ओएम म्हणजे हॅमचं आपसातलं संबोधन, डब्ल्यूपीसी म्हणजे परवाने देणारं केंद्र सरकारचं खातं.) बोलणारे फोंड्यातले जुने हॅम. त्या नवख्या मुलाचं घर त्यांच्यापासून दोन वाडे सोडून. मी डिचोलीत. मला तोच सिग्नल तीन किलोहर्ट्झच्या आत, अगदी नीट ऐकू येत होता. त्या दिवसापासून मुलगा एअरवर आलेला नाही आणि हे मला फार लागलंय.

सिग्नल पसरू नये या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. साधारण ४० मीटर लांबीच्या लहरींचा हा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघे २०० किलोहर्ट्झ. एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीत एका आवाजाला साधारण ३ किलोहर्ट्झ पुरतात. कुणी दहा व्यापले की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचं बोलणं बुडतं. पण तो पसारा पाठवणाऱ्याने केला की ऐकणाऱ्याच्या सेटने, हे आधी ठरायला हवं.

जत्रेतलं नाटक आठवा. पेटीवर दोन सूर एकदम धरलेत आणि भोंग्याचा आवाज कुणीतरी पूर्ण चढवलाय. मग कुणी न दाबलेला तिसराच खरखरीत सूर कानावर येतो. अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर गेला की आत येणारं आणि बाहेर पडणारं व्होल्टेज यांचं सरळ प्रमाण मोडतं, त्यात घनाचं पद शिरतं. ट्रान्समीटर तपासताना ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर एकदम देतात. घनामुळे त्यांतून दोन नवे सूर जन्मतात: १९०० ची दुप्पट वजा ७००, म्हणजे ३१००, आणि ७०० ची दुप्पट वजा १९००, म्हणजे उणे ५००. एक आवाजाच्या पट्ट्याच्या या कडेबाहेर, दुसरा त्या कडेबाहेर. पुढच्या पायरीवर ४३०० आणि उणे १७००. माणसाच्या आवाजात असे कितीतरी सूर एकाच वेळी असतात, त्यामुळे या जोड्यांचा चिखल दोन्ही अंगांना उडतो. आम्ही त्याला स्प्लॅटर म्हणतो. माइक गेन, म्हणजे माइकचा जोर, वाढवून एएलसीचा (जोर आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा सतत टोकाला नेला की तो होतोच.

पण हेच गणित रिसीव्हरलाही लागू आहे. त्याच्याही पहिल्या टप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर असतात. दोन वाडे पलीकडून १०० वॅटचा सिग्नल आला, वर प्रीअँप (आलेला सिग्नल आधीच वाढवणारा भाग) चालू, की तेही भोंग्यासारखे फाटतात. स्वच्छ सिग्नल ऐकणाऱ्याच्या डब्यात शिरून तिथे पसरतो. नॉइज ब्लँकर, म्हणजे खरखर छाटणारी सोय, चालू असेल तर आणखीच. वॉटरफॉलवर, म्हणजे सेटच्या पडद्यावर, दिसणारं सिग्नलचं रंगीत चित्र महागड्या सेटचं आहे म्हणून खरं, असं मानणारे पुष्कळ भेटतात. ते चित्र रिसीव्हरच्या आतलं आहे, हवेतलं नव्हे.

हे दोन दोष वेगळे करणारी एक साधी कसोटी आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात उतरवणारी जोडणी, लावायचा. हवेतून जे जे आलंय, मूळ सिग्नल आणि ट्रान्समीटरचा पसारा, ते सगळं सारखंच १० डेसिबल उतरतं. रिसीव्हरमध्ये तयार झालेला पसारा मात्र घनाच्या हिशेबाने उतरतो. व्होल्टेज निम्मं केलं की त्याचा घन एक-अष्टमांश होतो. म्हणजे सिग्नल ६ डेसिबल उतरला तर पसारा १८, आणि सिग्नल १० उतरला तर पसारा ३०. माझा अ‍ॅटेन्युएटर पत्र्याच्या डबीत बसवलेला आहे: मधे ६८ ओहमचा एक रेझिस्टर, दोन्ही टोकांपासून अर्थला १०० ओहमचा एकेक. त्यातून ट्रान्समिट मात्र कधी करायचं नाही, रेझिस्टर जळून जातील.

याच न्यायाने माझी साक्षही तपासू. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर एस १ ते एस ९ आणि त्यावर डेसिबल अशा खुणा असतात. त्या मुलाचा सिग्नल फोंड्यात एस ९ च्या वर ४० डेसिबल, माझ्याकडे एस ७. समजा त्याचा पसारा मूळ सिग्नलच्या ३० डेसिबल खाली आहे. तर तो फोंड्यात एस ९ च्या वर १० डेसिबल, म्हणजे कान फोडणारा. एक एस म्हणजे ६ डेसिबल, त्यामुळे माझ्याकडे तोच पसारा एस २, आणि माझ्या घरचा खरखराटच एस ४ चा. म्हणजे मला तो ऐकूच येणार नाही. मी त्याला स्वच्छ म्हटलं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, लांबचा एखादा खरोखर घाणेरडा सिग्नल खरखराटात लपून सुटतो आणि शेजारचा बरा सिग्नल पकडला जातो.

कायद्यातही इथेच पोकळी आहे. दूरवरच्या नको त्या उत्सर्जनांना आंतरराष्ट्रीय नियमांत आकडा आहे: हौशी केंद्राला ३० मेगाहर्ट्झखाली ती मूळ शक्तीपेक्षा ५० डेसिबल, किंवा ४३ अधिक वॅटमधल्या शक्तीच्या लॉगॅरिदमची दहापट इतके डेसिबल खाली हवीत, यातलं जे सौम्य ते. लगतच्या स्प्लॅटरबद्दल अमेरिकेचा नियम गरजेपेक्षा जास्त पट्टा न व्यापण्याची आणि चांगल्या हौशी प्रथेची भाषा बोलतो. प्रथा मोजायची कशाने? तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक निरीक्षक सूचनापत्रं पाठवतात, चांगल्या ऑपरेटरला कौतुकाचं पत्रही. आपल्याकडे वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही सरकारी यंत्रणा आहे. तिच्याकडच्या तक्रारीत प्रीअँप आणि ब्लँकर बंद होते का, अ‍ॅटेन्युएटरने पसारा किती उतरला, दुसऱ्या ठिकाणाहून काय ऐकू आलं, एवढं लिहिणं सक्तीचं असावं.

मोजल्याशिवाय दोष देण्याची खोड सगळीकडेच आहे. माझा डायपोल, म्हणजे वीस मीटर लांब तारेचा अँटेना, दोन माडांना बांधलाय. एका वर्षी नारळ कमी लागले तर शेजारी म्हणाले, लहरींमुळे. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींचा एकेक फोटॉन अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या कोट्यवधी पटींनी दुबळा असतो.

रविवारी डबी घेऊन फोंड्याला जातोय. आधी जुन्या हॅमकडे, प्रीअँप बंद करून. पसारा १० ने उतरला तर तिथूनच मुलाकडे जाऊन दोघं मिळून त्याचा माइक गेन लावून देऊ. ३० ने उतरला तरी मुलाकडे जाऊच, तेव्हा हे गृहस्थही सोबत असावेत अशी विनंती मी करणार आहे.